‘पहाटतारा’चा अ‍ॅम्प्लिफायर

२ सप्टेंबर, मंगळवार

इओआनाचं खोकं आज बंदरातून घरी आलं. उघडल्याबरोबर लेकीच्या घराचा वास आला, साबणाचा आणि लोकरीचा. नातवंडांचे फोटो, तिच्या वडिलांना दोन सदरे, माझ्या चष्म्याला दोरी, आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेला बससाठीचा अ‍ॅम्प्लिफायर. काळा, जड, पाठीवर पत्र्याचे कल्ले. खोल पाण्यातून वर काढलेल्या माशासारखा चटईवर पडून राहिला.

जुना मे महिन्यात जळाला. तेव्हापासून आमची बस ‘पहाटतारा’ मुक्यानेच डोंगर ओलांडून बेटाच्या राजधानीला, आपियाच्या बाजाराला जाते आणि मुक्यानेच परत येते. माझ्या नवऱ्याने, लाफाएलेने, ती छत्तीस वर्षं चालवली. दोन वर्षांपूर्वी एकाएकी त्याने चाक धाकट्या भावाच्या, सिआओसीच्या, हाती दिलं आणि स्वतः ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर खिडकीशी बसायला लागला. का, ते मला सांगितलं नाही. गाण्यांचा कारभार तेवढा अजून त्याच्याकडे आहे.

खोक्यात चिठ्ठी होती. ‘आई, आता कायमचीच ये. बाबा बस सोडून ऑकलंडला राहणार नाहीत, हे मला माहीत आहे. पण फोनवर तू अगदी एकटी वाटतेस. पंचवीस ऑक्टोबरचं तिकीट काढलंय.’

एकटी. मुलीला तिथून कळलं ते. गेली दोन वर्षं माझा नवरा माझ्याशी बोलत नाही. भांडण नाही, राग नाही. मी काही म्हणते आणि तो समुद्राकडे बघत राहतो. सिआओसीने काही म्हटलं की मात्र मांडीवर थाप मारून हसतो.

संध्याकाळी लाफाएले अ‍ॅम्प्लिफायर मांडीवर घेऊन बसला होता, बाळ घ्यावं तसा. मी म्हटलं, “इओआना बोलावतेय मला. कायमची. जाऊ का?”

त्याने वर पाहिलं, गोड हसला आणि मान हलवली.

अडतीस वर्षांच्या संसाराला एवढंच उत्तर. तो गोड हसला, याचंच जास्त लागलं.

६ सप्टेंबर, शनिवार

दोघा भावांनी दिवसभर बसमध्ये डोकं खुपसून अ‍ॅम्प्लिफायर बसवला. मी कोको आणि नारळाच्या रसातले पाव नेऊन दिले आणि पायरीवर बसून राहिले. दुपारचं ऊन बसच्या लाकडी बाकांवर लोण्यासारखं वितळत होतं.

“दादा, आपल्या गाडीला दोन बॅटऱ्या. ह्याला तर एकीपुरतीच वीज लागते, दोघींची दिली तर जळेल,” सिआओसी खालून ओरडला.

“मग एकीवरूनच घे की. सगळे तसंच करतात.”

“दुसरी रुसेल!”

“रुसू दे. तुझी बायको रुसते तेव्हा काय करतोस?”

दोघं किती हसले. मी विचारलं, “आणखी कोको देऊ?” लाफाएले तारा सोलत राहिला.

मग त्याने एका बारीक स्क्रूत पेचकस घातला आणि फिरवला. गाणं सुरू झालं. पुन्हा फिरवला. कोंबड्या अंगणातून पळाल्या. तरी फिरवलाच. “आत्ता जरा आवाज आला,” म्हणाला.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज बऱ्याच दिवसांनी मी बाजारापर्यंत बसने गेले. खिडक्यांना काचा नाहीतच. डोंगरावरचं धुकं एका बाजूने आत येतं, दुसऱ्या बाजूने निघून जातं, मधे गाणी. घाटमाथ्यावर क्षणभर असं वाटलं, की बस थांबलेली आहे आणि झाडंच गाणं ऐकत मागे चालली आहेत. लग्नाच्या वर्षी मी याच बाकावर बसायचे. लाफाएले आरशातून बघायचा, आणि गाणं बदललं की ते माझ्यासाठी असायचं. शाळेतल्या सिस्टर बेनिग्नाला हे कळलं असतं तर तिने मला पन्नास वेळा प्रार्थना लिहायला लावली असती.

आज आरशात सिआओसीचे डोळे होते. लाफाएले पुढे बसून दोन्ही तळवे बाकाच्या फळीवर टेकून होता. गाण्याचे ठोके फळीतून येतात. तो ते हातांनी ऐकतोय असं वाटत होतं.

२० सप्टेंबर, शनिवार

बसमधल्या बायका कुरकुरायला लागल्या आहेत. म्हातारी लूपे उतरताना मला म्हणाली, “मकेरिता, तुमच्या बसमधे नुसतं धबाधब धबाधब! कोण गातंय, बाई की बुवा, तेसुद्धा कळत नाही. माझे खालचे दात हलले.”

“तुला खालचे दात कुठे आहेत, आजी?” सिआओसी म्हणाला.

“होते, तुझ्या बसमधे चढेपर्यंत!”

मी घरी येऊन लाफाएलेला म्हटलं, की गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, नुसता गडगडाट होतो. दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा माझा आवाज चढला. माझा आवाज मुळातच बारीक, चढला की शिट्टीसारखा होतो, मलाच आवडत नाही. त्याने कपाळाला आठी घातली आणि उठून माडाखाली जाऊन उभा राहिला.

मग सिआओसीने तेच सांगितलं. त्याला लगेच उत्तर मिळालं, “उत्तम वाजतोय. लूपेचे कान गेलेत.”

२८ सप्टेंबर, रविवार

आज चर्चमधे, दोन आठवड्यांवर आलेल्या मुलांच्या रविवारच्या सणासाठी, गाण्यांची तालीम होती. लाफाएले वर्षानुवर्षं गावाचा गायनवृंद बसवत आला. चाळीस जणांत एक जण पाव सूर खाली असला तर त्याच्या भुवईला कळायचं. गेल्या वर्षी गुडघ्यांचं निमित्त काढून त्याने ते सोडलं. गाणं काय गुडघ्यांनी बसवतात?

दुपारी मी मागे कपडे वाळत घालत होते. चुलीवरची शिट्टीची किटली ओरडून ओरडून कोरडी झाली, बूड काळं पडलं. तो चार हातांवर बसून जाळं विणत होता. मी धावत आले तर दचकून माझ्याकडे बघायला लागला. इतका कसा माणूस स्वतःत बुडतो? मी समोर असले काय, ऑकलंडला असले काय.

न राहवून परत विचारलं, “खरंच जाऊ ना मी?” त्याने मान हलवली. पुन्हा तेच हसू.

गावात अजून कोणाला सांगितलेलं नाही. उगीच चर्चा नको. ज्याला सांगायचं त्याला सांगून झालं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पहाटतारा घाटात बंद पडली. बॅटरीत जीवच नव्हता. सगळ्यांनी उतरून ढकलली, अळूकंदाच्या टोपल्या आणि दोन डुकरांसकट. वळणापाशी सगळे दमून गवतात बसले, कोणीतरी सहज सूर धरला, बाकीच्यांनी साथ दिली. यंत्राशिवाय, धुक्यात. इतकं सुंदर वाटलं की मी ढकलायचं विसरले.

लाफाएले गात नव्हता. रस्त्याच्या कडेला पाठ करून उभा होता.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज आम्ही तिघं बस घेऊन तारिसीकडे गेलो. तारिसी माझ्या वर्गातली. आम्ही दोघी एकाच बाकावर, एकाच सिस्टरचा मार खाल्लेल्या. बाजाराच्या मागे वडिलांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान आता ती चालवते. तोंडात विझलेली विडी आणि आवाज असा, की फोनवर लोक तिला ‘साहेब’ म्हणतात.

तिने झाकण काढलं, आत बघितलं आणि सिआओसीचा कान धरला. “हे कोणाचं शहाणपण?”

“सगळे तसंच करतात, तारिसीताई!”

“सगळे मूर्ख आहेत. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, आणि अ‍ॅम्प्लिफायरचा सगळा भार एकीवर. दुसरीला पत्ताच नाही. इंजिन मात्र दोघींना सारखंच भरवतं. मग जी राबते ती कधी पुरती भरत नाही, आणि जी बसून असते ती फुगते. वरून तिघीही, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या आणि गाडी, ठीकठाक दिसतात. एक दिवस राबणारी मरते.”

का कोण जाणे, मला त्या बॅटरीची फार दया आली.

तारिसी आता दोन्हींतून सारखी वीज घेणारा एक डबा बसवणार आहे. मी तिला विचारलं, अ‍ॅम्प्लिफायर नेमकं करतो काय? तिने बिस्किटाच्या पुड्यावर पेन्सिल चालवली.

“आपल्या सभेत थोरला सरदार कसा बसतो? मान खाली, हळूच दोन शब्द पुटपुटतो. मग त्याचा वक्ता काठी रोवून उभा राहतो आणि तेच शब्द साऱ्या मैदानाला ऐकवतो. रेडिओ म्हणजे तो सरदार. हा वक्ता. ताकद ह्याची स्वतःची नाही, बॅटरीची. शब्दही ह्याचे नाहीत. सरदाराचा नाजूक इशारा जसा वरखाली होईल, तशी बॅटरीची ताकद सोडायची आणि आवरायची, एवढंच त्याचं काम. मग जाड आवाज मोठ्या स्पीकरकडे, बारीक आवाज छोट्यांकडे.”

“आणि लाफाएले फिरवतो तो स्क्रू? आवाज मोठा करायचा?”

“तिथेच सगळे फसतात. तो आवाजाचा नाहीच. सरदार किती हळू बोलतोय, त्यानुसार वक्त्याने किती कान द्यायचा, त्याचा तो स्क्रू आहे. सरदार नीट बोलत असताना तो पिळत गेलास तर वक्त्याला झेपत नाही. हे बघ.” तिने गोल गोल लाटा काढल्या आणि पट्टी ठेवून त्यांचे माथे खोडून टाकले. सपाट झाल्या, टेबलांसारख्या. “ह्या माथा कापलेल्या लाटा. कानाला नुसता आरडाओरडा. आणि त्यात सगळ्यात आधी जळतात ते छोटे, बारीक आवाजाचे स्पीकर.”

तिने बसमधे जाऊन एकेका छोट्या स्पीकरला कान लावला. बाहेर आली तेव्हा विडी हातात होती.

“माके, चारही जळलेत. महिना झाला असेल. म्हणजे महिनाभर तुमच्या बसमधे बारीक सूर नावाची गोष्टच नव्हती. आणि ज्याच्या कानावर आख्खं चर्च सूर लावायचं, त्याला कळलं नाही?”

“त्याचं हल्ली लक्षच नसतं,” मी म्हटलं.

तारिसीने विडी परत तोंडात ठेवली. मग ती लाफाएलेपाशी जाऊन बसली, आणि तो तिच्याशी बोलायला लागला. बॅटऱ्या, मासे, तिच्या वडिलांची आठवण. अर्धा तास! इथे खरं लिहायचं तर माझं मन काळं झालं. ह्या विडीवाल्या बाईशी बोलायला शब्द आहेत तर.

१२ ऑक्टोबर, मुलांचा रविवार

सगळी मुलं पांढऱ्या कपड्यांत. चर्चच्या दारातून आत येताना ती बगळ्यांसारखी दिसतात, दरवर्षी मला भरून येतं. सिआओसीची धाकटी, पाच वर्षांची, वचन म्हणायला उभी राहिली, अर्ध्यावर विसरली आणि म्हणाली, “बाकीचं देवाला माहीत आहे.” चर्चभर हशा पिकला. पाद्रीबाबांनीही डोळे पुसले.

लाफाएले हसला नाही. सगळे हसायला लागल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि मग हसला.

आज मोठी माणसं मुलांना वाढतात आणि मागाहून जेवतात. मी अळूच्या पानांतलं खोबरं वाढत होते, तो नीरफणस. ओळीत शेजारी शेजारी होतो. खांद्याला खांदा लागत होता. मी तिसऱ्यांदा विचारलं. फक्त “जाऊ ना?” एवढंच. मान हलली.

दुपारी इओआनासाठी विणलेली बारीक चटई गुंडाळली. गुंडाळी बांधायला त्याने स्वतः येऊन हात लावला, गाठ पक्की मारली. पाठवणी इतकी मनापासून करतो आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

तारिसीने निरोप धाडला होता, नवे स्पीकर लावलेत, लाफाएलेला घेऊन ये, तपासणी त्याच्यासमोरच करायची.

दुकानामागच्या अंगणात बस उभी होती, चाफ्याच्या सावलीत. तारिसीने फोन रेडिओला जोडला. “लाफाएले, गाणं नाही वाजवत. नुसता एक सूर, खालून वर चढत जाणारा. ऐकू येतोय तोवर हात वर धर. तू वृंदासमोर धरायचास ना, तसा.”

त्याने डोळे मिटले आणि हात उचलला.

खालचा सूर सुरू झाला. बसचं लाकूड गुरगुरलं. मग तो वर निघाला, पुरुषाच्या गळ्यातून जावा तसा, मग शिंगाच्या फुंकरीसारखा. लाफाएलेचा हात हवेत तरंगत होता, बोटं किंचित हलत होती. मला तो पंचवीस वर्षांचा दिसला. सूर आणखी चढला, बाईच्या गळ्याजवळ आला.

हात खाली आला.

सूर थांबला नव्हता. तो चढतच होता. माझ्या कानात स्वच्छ वाजत होता, चाफ्याखाली झोपलेल्या कुत्र्याने कान उभे केले, बाजारातल्या दोन मुली वळून बघायला लागल्या. आणि लाफाएले डोळे उघडून समाधानाने म्हणाला, “छान! एवढाच होता ना?”

तारिसीने माझ्याकडे पाहिलं. मी चाफ्याकडे पाहिलं. फुलं पडत होती.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

छत्तीस वर्षं स्पीकरखाली बसून गाडी चालवली त्याने. मागून कोणी भोंगा वाजवला तर ऐकू येईना, म्हणून चाक सोडलं असणार. म्हणून गुडघे. म्हणून किटली. सिआओसीचा जाड आवाज पोचतो, तारिसीचा पोचतो. माझा नाही. आणि मी दुखावले की आवाज आणखी वर नेते, तिथे, जिथे त्याचा हात खाली येतो.

आज सकाळी मी त्याच्याजवळ जाऊन बसले, गळा खाली नेला, चर्चमधे दुसऱ्या ओळीतल्या बायका गातात तिथे, आणि सावकाश म्हटलं, “कोको घेतोस?”

“दे की,” तो म्हणाला. “दोन चमचे साखर. काल कमी होती.”

दोन वर्षांनी माझ्या प्रश्नाला मिळालेलं पहिलं उत्तर. मी चुलीपाशी जाऊन रडले, आणि साखर तीन चमचे पडली.

आता मला कारण कळलं आहे, रागही उरला नाही. पण जाण्याबद्दल तर त्याने तीनदा हो म्हटलंय. ज्या बाईचा आवाज येत नाही तिच्याशिवाय त्याला सोपं जात असेल. आता विचारायला धजत नाही. या खेपेला ऐकू येईल, आणि तरीही हो म्हणाला तर?

२३ ऑक्टोबर, गुरुवार

ऑकलंडला न्यायचा कोको घ्यायला बाजारात गेले होते, लाफाएले बरोबर होता. परतीची बस खचाखच. तारिसीने स्क्रू लावून वर रंगाचा थेंब टाकलाय, कोणी हात लावायचा नाही. गाणं मंद, स्वच्छ चाललं होतं, शब्दन् शब्द कळत होता.

दुसऱ्याच थांब्यावर एक बाई तान्ह्याला घेऊन चढली. मी उठून तिला जागा दिली. आता उठलेल्याने कोणाच्या तरी मांडीवर बसायचं, ही आमच्या बसची रीत. बायका सहसा बाईचीच मांडी शोधतात. रिकामी एकच होती. मी नवऱ्याच्या मांडीवर बसले, त्रेसष्ट वर्षांची, चष्म्याची दोरी गळ्यात.

“काय गं, एवढ्या बसमधे तुला हीच मांडी सापडली?” मागून लूपे ओरडली.

“जुनी आहे, पण मजबूत आहे,” सिआओसी म्हणाला. बस हसली.

घाट सुरू झाला. धुकं आत आलं. लाफाएलेचा हात माझ्या कमरेभोवती होता, पडू नये म्हणून. तो म्हणाला, “शनिवारी नीरफणस काढू. तू खाली शिडी धर.”

शनिवारी.

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि आवाज पार छातीत नेला. “शनिवारी मी नाही. ऑकलंडला चाललेय.”

“कोण?”

“मी. इओआनाकडे. कायमची.”

त्याच्या छातीतला श्वास माझ्या पाठीला थांबलेला कळला. “केव्हा ठरलं हे?”

“मी तीनदा विचारलं तुला. तू तिन्ही वेळा मान हलवलीस.”

त्याने कमरेभोवतीचा हात घट्ट केला. एक सबंध वळण गेलं. मग म्हणाला, “मकेरिता, दोन वर्षं मी सगळ्यालाच मान हलवतो. लोकांना बरं वाटतं. माझं काय झालंय ते कोणाला कळत नाही.”

“मला सांगायचंस.”

“तू काय उत्तर देतेस, ते कुठे ऐकू आलं असतं?”

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्हींना जायला एकच वाट होती. मी पुन्हा वाकले. प्रत्येक अक्षर वेगळं, खालच्या सुरात, विचारलं, “जाऊ का?”

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा निघतो ते कळत नाही.

“नको जाऊस!”

सगळ्या बसने ऐकलं. तान्हं दचकून रडायला लागलं. सिआओसीने करकचून ब्रेक दाबला, कोंबड्यांची टोपली पुढे आली, लूपेने देवाचं नाव घेतलं. धुक्यात, भर चढावर बस उभी राहिली. सिआओसीने वळून चाळीस तोंडांकडे पाहिलं.

“कोण उतरतंय?”

सगळे आमच्याकडे बघत होते.

“कोणी नाही,” मी म्हटलं. “चालव.”